डावी वेल, उजवी वेल आणि जमिनीखालचा घोळ

1936 साली कलकत्त्याच्या रॉयल बोटॅनिक गार्डनने एक भारदस्त ग्रंथ काढला. विषय होता पूर्वेकडच्या देशांतलं डायोस्कोरिया कूळ, म्हणजे आपले घोरकंद, कणगर, करांदे यांची समस्त भावकी. लेखक डेव्हिड प्रेन आणि आय. एच. बर्किल. एवढा मोठा गोतावळा दोन भागांत मांडायचा, तर वाटणी कशी करायची? देशांवरून? की खाण्याचे एकीकडे आणि विषारी दुसरीकडे? या दोघांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी वेल आधाराला कुठल्या बाजूने विळखा घालते ते पाहिलं. डावीकडे वळत चढणाऱ्या वेली पहिल्या भागात, उजवीकडे वळणाऱ्या दुसऱ्यात. उजव्या मंडळींना छापून यायला 1939 उजाडलं.

हा विनोद नव्हता. आजही कंदाच्या वेलीपुढे उभा राहिलेला अभ्यासक आधी हेच बघतो.

वळण सुटत नाही

माणसांचं वळण संगतीने बदलतं म्हणतात. डायोस्कोरियाचं बदलत नाही. वेल विषुववृत्ताच्या पलीकडे नेऊन लावा, सावलीत लावा, उलट्या बाजूने हाताने गुंडाळून ठेवा, तिचा नवा शेंडा पुन्हा आपल्या घराण्याच्याच बाजूने वळणार.

घराणी अशी: कोनफळ किंवा घोरकंद (डायोस्कोरिया अलाटा) उजव्या गटातला. आफ्रिकेतला पांढरा याम (या कंदांना इंग्रजीत याम म्हणतात) उजवा, जपानी लोक किसून कच्चा खातात तो कंदही उजवा. आपली कणगर (डायोस्कोरिया एस्क्युलेंटा) डावी. वेलीवरच बटाट्यासारखे कंद धरणारा करांदा (डायोस्कोरिया बल्बिफेरा) डावा. पावसाळ्यात जिच्या फुलोऱ्याची भाजी होते ती शेंडवेल (डायोस्कोरिया पेंटाफिला), तीही डावी. तिच्या शास्त्रीय नावातच पाच पानं आहेत, कारण तिचं एक पान पाच पर्णिकांत चिरलेलं असतं. तिच्यापुढे डावं-उजवं करत बसायची गरजच पडत नाही.

एक इशारा. डावं आणि उजवं नेमकं कुठून बघून ठरवायचं, जमिनीवरून वर पाहत की वरून खाली, यावर पुस्तकापुस्तकांत मतभेद आहेत. घड्याळाच्या काट्यांची भाषा वापरली की हा गोंधळ दुप्पट होतो. दोन वेली शेजारी शेजारी ठेवून त्या एकाच बाजूला वळतात की विरुद्ध, एवढंच पाहणं सगळ्यात सोयीचं.

आणि हो, सुरण यात नाही. इंग्रजीत त्याला याम म्हणत असले तरी तो अळूच्या घराण्यातला. त्याला वेल नाही, विळखा नाही. एक जाड दांडा आणि वर छत्री.

खोडाला चार कोपरे

वळण कळलं की पुढची खूण खोडावर. घोरकंदाचं खोड बोटांत धरून फिरवा. ते गोल नसतं, चौकोनी असतं, आणि चारही कडांना पातळ झालरी असतात. लॅटिन 'अलाटा' म्हणजे पंखवाली. कणगरीचं खोड गोल आणि काटेरी. घोरकंदाची पानं साधारणपणे समोरासमोर जोडीने येतात. कणगर आणि करांद्याची एकाआड एक. एवढ्या तीन-चार खुणांवर, जमीन न खणता, डोळे आणि बोटं वापरून कुणीही जात ओळखू शकतो. काट्यांमुळे कणगर तर डोळे मिटूनही ओळखता येईल, पण तसं करू नये.

कणगरीत एक जास्तीची गंमत आहे. काही प्रकारांत जमिनीखालची मुळंसुद्धा काटेरी होतात आणि कंदांभोवती तारेच्या कुंपणासारखी पसरतात. रानडुकराने नाक खुपसलं की त्याला धडा मिळतो. प्रेन आणि बर्किल यांनी याच खुणेवर कणगरीचे प्रकार पाडले, काटेरी मुळांचा एक आणि बिनकाट्यांचा दुसरा. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या कुठला निवडून लावला असेल हे सांगायला नको. खणणारे हात माणसाचेच होते.

करांद्यात खूण हवेत लटकते. आशियाई करांद्याचे वेलीवरचे कंद बहुधा गोलसर, आफ्रिकी करांद्याचे कोनदार, कडा असलेले. अमेरिकेतल्या फ्लोरिडात हीच वेल 1905 साली आणली गेली आणि तिने तिथली झाडं अशी झाकून टाकली की 2011 नंतर तिची पानं खाणारा एक लाल भुंगेरा आशियातून आणून मोकळा सोडावा लागला. आपल्याकडे रायगडात थंडीत जे उकडून मिठाबरोबर खातात, ते तिकडे सरकारी डोकेदुखी आहे.

जात ओळखली, वाण राहिला

इथपर्यंत सोपं होतं. डायोस्कोरियाच्या सहाशेच्या वर जाती आहेत, पण माणसाने मनावर घेऊन लावलेल्या जेमतेम दहा. त्यांतल्या एकेका जातीत मात्र शेकडो वाण. आणि इथे डावं-उजवं काही कामाचं नाही, कारण सगळे सख्खे. झालरी सगळ्यांना, पानं सगळ्यांची हृदयाकृती.

हा घोळ सगळ्यात मोठ्या प्रमाणावर निस्तरावा लागतो तो पश्चिम आफ्रिकेत. जगात दरवर्षी सात कोटी टनांहून जास्त याम पिकतो आणि त्यातला नव्वद टक्क्यांच्या वर आयव्हरी कोस्टपासून कॅमेरूनपर्यंतच्या पट्ट्यातून येतो. एकट्या नायजेरियाचा वाटा सुमारे दोन तृतीयांश. तिथे याम म्हणजे चवीपुरता कंद नव्हे. आपल्याकडे भात-भाकरीला जो मान, तो तिथे यामला. नायजेरियातल्या इबादान इथल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय शेती संस्थेच्या जनुकपेढीत यामचे पाच हजारांहून जास्त नमुने जपलेले आहेत. पण गावोगावहून आणलेल्या पाच हजार कंदांत खरोखर वेगळे किती आणि एकाच वाणाची पाच गावची पाच नावं किती?

उलटंही होतं. नाव एक, कंद वेगळे. बाजारात ज्या नावाला भाव, ते नाव कुठल्याही कंदाला चिकटतं. हापूसच्या नावाखाली काय काय विकलं जातं हे माहीत असलेल्या वाचकाला जास्त समजावायला नको.

वेलीचा जबाब

म्हणून 1997 मध्ये या इबादानच्या संस्थेने रोमच्या वनस्पती-जनुकसंपत्ती संस्थेबरोबर मिळून एक प्रश्नावली छापली. यामची वेल समोर धरायची आणि प्रश्न विचारत जायचं. खोडाचा रंग? खोडावर मेणचट थर आहे? काटे आहेत, असतील तर बुंध्याशी की वरही? पानाचा आकार हृदयासारखा की बाणाच्या टोकासारखा? पानाचं टोक लांब की आखूड, हिरवं की जांभळं? शिरांचा रंग? देठ पानाला जिथे मिळतो तिथला रंग? देठाच्या मधल्या भागाचा रंग वेगळा आहे का?

वाचताना वाटतं, पोलीस ठाण्यातही इतकं खोदून विचारत नाहीत. पण प्रत्येक प्रश्नामागे कारण आहे. कोवळ्या वेलीचा रंग महिन्या-दोन महिन्यांत बदलतो, म्हणून लहानपणीचं वर्णन वेगळं आणि मोठेपणीचं वेगळं लिहायचं. खालची पानं आणि वरची पानं सारखी नसतात, म्हणून कुठल्या उंचीचं पान पाहिलं तेही सांगायचं. सगळ्यात बेभरवशाचा साक्षीदार म्हणजे कंदाचा आकार. भुसभुशीत मातीत सरळ, लांब उतरणारा वाण खडकाळ जमिनीत वेडावाकडा, बोटं फुटलेला निघतो. सामान्य माणूस मात्र वाण ओळखायला नेमका तोच आकार बघतो.

माझा आवडता प्रश्न कंद कापल्यावरचा. कापा, घड्याळ लावा, आणि गर काळवंडायला किती वेळ लागतो ते मोजा. काही वाण मिनिटभरात तपकिरी पडतात, काही निवांत पांढरे राहतात. पुढे आणखी: कापल्यावर चीक किती सुटतो? हाताला खाज येते का, आणि किती? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळवण्यासाठी कुणीतरी स्वतःचे हात वापरलेले असतात हे विसरू नये. विज्ञानासाठी लोकांनी काय काय सोसलंय, त्या यादीत ही खाजही धरायला हवी.

मग या सगळ्या उत्तरांचे आकडे करतात. काटे नाहीत तर शून्य, आहेत तर एक, हिरवा एक, जांभळा दोन, अशी प्रत्येक वेलीची एक ओळ. संगणक प्रत्येक ओळ दुसऱ्या प्रत्येक ओळीशी ताडून बघतो आणि ज्यांचं जास्त जुळतं त्यांना एका फांदीवर बसवतो. शेवटी वंशवृक्षासारखं चित्र तयार होतं. घोरकंदावर हा प्रयोग जुना आहे, ए. एम. ऱ्होड्स आणि एफ. डब्ल्यू. मार्टिन यांनी अनेक लक्षणं एकत्र मोजून त्याच्या वाणांची संख्याशास्त्रीय मांडणी 1972 मध्येच छापली होती.

बेनिन या चिंचोळ्या देशात अलेक्झांडर डान्सी आणि सहकाऱ्यांनी देशभर फिरून गिनी यामचे (म्हणजे आफ्रिकेतल्या पांढऱ्या-पिवळ्या यामचे) 560 नमुने जमवले आणि 1999 मध्ये निकाल जाहीर केला. वरवर पाहता 90 वेगवेगळी रूपं. नीट जुळवल्यावर उरले 26 गट. म्हणजे शेतकऱ्यांनी सांगितलेल्या नावांची भलीमोठी यादी बरीच आटोपशीर झाली. पण म्हणून शेतकरी चुकीचे ठरले असं नाही. त्यांची वर्गवारी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होती.

शेतकऱ्याचा प्रश्न: कधी निघणार?

पश्चिम आफ्रिकेतला शेतकरी देठाच्या मधल्या भागाचा रंग विचारत नाही. त्याची पहिली विभागणी हळवे आणि गरवे अशी. भात लावणाऱ्या कोकण्याला हे लगेच पटेल.

हळव्या वाणांतून वर्षात दोनदा कंद काढतात. पहिल्या वेळी, पाच-सहा महिन्यांनी, मातीचा ढीग हलक्या हाताने उकरायचा, मुळं न दुखावता मोठा कंद वेलीपासून कापून घ्यायचा आणि माती परत सारायची. वेल जिवंत राहते आणि मोसम संपेपर्यंत लहान लहान कंद धरते. ते पुढच्या वर्षाचं बियाणं. पहिला खायला, दुसरा पेरायला. गरवे वाण एकदाच काढायचे.

बेनिनमधला लाबोको हा हळव्यांतला राजा. उकडून उखळात कांडला की गुळगुळीत, ताणला जाणारा गोळा होतो आणि रश्शाबरोबर तो बोटांनी तोडून खातात. घानात हाच मान पुना नावाच्या वाणाला. याउलट कोकोरो गटाचे कंद लहान, पुष्कळ, आणि कांडायला तितके चांगले नाहीत. पण ते वाळतात छान. त्यांच्या वाळवलेल्या फोडी दळून जे पीठ होतं, त्याचं तपकिरी, मऊ आमाला नायजेरियातल्या योरुबा घरांत रोजचं. कापल्यावर गर काळवंडतो म्हणून प्रश्नावलीत ज्याची नोंद करायची, तोच काळेपणा आमालाच्या रंगाला हवा असतो. एका स्वयंपाकघरातला दोष दुसऱ्यात पसंतीचा.

नायजेरियातल्याच इग्बो लोकांत याम हे पुरुषाचं पीक, आणि ज्याच्या कोठारात जास्त याम तो मोठा. ऑगस्टच्या सुमारास नव्या यामचा सण होतो. तोवर नव्या कंदाला तोंड लावायचं नाही. चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (1958) ही कादंबरी वाचली असेल तर तिचा नायक ओकोन्क्वो याच्या यामच्या काळज्या आठवतील. कोठारं म्हणजे उभे मांडव, त्यांवर एकेक कंद दोरीने बांधलेला.

रानातून धरून आणलेले

आता वर्गवारी करणाऱ्याची झोप उडवणारी गोष्ट. उत्तर बेनिनमधले बारिबा आणि नागो शेतकरी रानात गेले असता एखादी जंगली याम-वेल आवडली तर तिचा कंद शेतात आणून लावतात. पहिली काही वर्षं तिचे कंद रानातल्यासारखेच लांब, बारीक, खोल जाणारे. मग शेतकरी उपाय करतो: कंद खोल जाऊ नये म्हणून खड्ड्यात खाली दगड किंवा खापर ठेवतो. दर हंगामात त्यातले बरे तुकडे निवडून लावतो. काही वर्षांत वेल सुधारते, कंद जाड आणि आखूड होतो, काटे कमी होतात, आणि ज्या ओळखीच्या वाणासारखी ती दिसू लागते त्याच नावाने तिला घरात घेतात.

फ्रेंच संशोधक नोरा स्कार्सेली आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये डीएनए तपासून पाहिला, तेव्हा अशा 'घरात घेतलेल्या' वेलींत काही निखळ जंगली निघाल्या, काही जंगली आणि शेतातल्या यांच्या संकरातल्या. नाव एक, चेहरा एक, जन्म वेगळे. नुसत्या पान-देठावरून लावलेला गट इथे फसतो. पण शेतकऱ्यांच्या या सवयीमुळेच पिकात नवं रक्त येत राहतं. तुकडे लावून वाढवलेलं पीक एरवी पिढ्यान्‌पिढ्या तेच ते राहिलं असतं.

यामला बी धरायला अडचणी भरपूर आहेत. नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी; काही वाण फुलतच नाहीत. 2017 मध्ये पांढऱ्या यामचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा कळलं की त्याचं लिंग पक्ष्यांच्या रीतीने ठरतं: वेगळी गुणसूत्रजोडी मादीकडे, माणसात ती पुरुषाकडे.

मूळ कुठलं, हा वादही अलीकडे रंगला. 2019 मधल्या एका अभ्यासाने पांढरा याम नायजर नदीच्या खोऱ्याजवळच्या जंगली जातीतून शेतात आला असं दाखवलं. 2020 मध्ये दुसऱ्या गटाने सांगितलं, तो दोन जातींचा संकर आहे, एक रानातली आणि एक गवताळ माळावरची. जागेबद्दल मात्र दोघांचं एकमत: पश्चिम आफ्रिका. आणि या आफ्रिकी कुटुंबातल्या पिवळ्या गराच्या यामचं शास्त्रीय नाव काय? डायोस्कोरिया कायेनेन्सिस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या कायेन गावचा. गुलामांच्या जहाजांबरोबर कंद समुद्रापार गेला आणि नाव मिळालं पोचल्या ठिकाणाचं. पांढरा आणि पिवळा या दोन जाती मानायच्या की एक, यावर तज्ज्ञ कित्येक दशकं भांडले. म्हणून जुन्या लेखांत दोन नावांमध्ये तिरकी रेघ मारून काम भागवलेलं दिसतं.

लांबी मोजा, मुखवटा घाला

प्रशांत महासागरात प्रश्न पुन्हा बदलतो. पापुआ न्यू गिनीतले अबेलाम लोक घोरकंदाचे खास समारंभी कंद वाढवतात, माणसाहून लांब. वाढवणारा पुरुष त्या काळात बाईपासून दूर राहतो. कंद निघाला की त्याला मुखवटा, पिसं, दागिने घालून मिरवायचं आणि प्रतिस्पर्ध्याला भेट द्यायचा. त्याने पुढे तितकाच लांब कंद परत करायचा, नाहीतर लाज. रोज पोटात जाणारी कणगर हा वेगळा वर्ग, वेगळ्या नावाचा. जीवशास्त्र आणि समाज इथे एकाच रेषेवर आलेत: मिरवायचा तो अलाटा, खायचा तो एस्क्युलेंटा.

तिथल्याच ट्रोब्रियांड बेटांवर पहिल्या महायुद्धाच्या काळात राहिलेल्या मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्हस्कीने तिथल्या यामच्या बागांवर दोन खंड लिहिले, 1935 मध्ये. तिथल्या यामच्या कोठारांच्या भिंतींत मुद्दाम फटी ठेवतात, आतला ऐवज दिसावा म्हणून. पोनपेई बेटावर अगदी उलट. तिथे दुसऱ्याच्या शेतातल्या यामकडे टक लावून पाहणं असभ्य, कारण मेजवानीच्या दिवशी किती मोठा कंद आणायचा हे गुपित असतं.

जपानचे तीन चेहरे, युरोपचा एक पचका

जपानने डोकं फारसं शिणवलं नाही. तिथे कंद पाहूनच गट केले: लांब दांड्यासारखा नागाइमो, गिंको झाडाच्या पानासारखा पसरट इचोइमो आणि गोल गुठळीसारखा त्सुकुनेइमो. किसला की बुळबुळीत, आणि ती बुळबुळ हीच चव. जंगली जातभाई सरळ वाढावा म्हणून शेतकरी जमिनीत तिरक्या नळ्या पुरून त्यांत कंद वाढवतात. आकार मातीवर सोडायचाच नाही.

युरोपात 1840 च्या दशकात बटाट्यावर करपा आला, तेव्हा शांघायमधल्या फ्रेंच वाणिज्यदूताने हाच नागाइमो, म्हणजे चिनी कंद, पॅरिसला पाठवला. चव पसंत पडली, पीकही आलं. पण कंद मीटरभर खोल आणि त्याचा सगळ्यात जाड भाग अगदी तळाशी. खणणाऱ्याने कपाळाला हात लावला आणि बटाटा परत आला.

चित्रावरून सापडलेलं औषध

एक फाटा, लहानसाच. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकातलं एका अजस्र कंदाचं चित्र पाहून 1942 मध्ये मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझमध्ये पोचला. तो होता जंगली डायोस्कोरिया. त्यातल्या डायोस्जेनिनपासून त्याने प्रोजेस्टेरॉन बनवलं, 1944 मध्ये सिन्टेक्स कंपनी उभी राहिली, आणि तिथेच 1951 मध्ये तयार झालेल्या संप्रेरकाने पुढे गर्भनिरोधक गोळीला वाट करून दिली. हे कंद खाण्याचे नव्हेत. आपल्याकडची बैचांदीही तशी विषारीच, पण चकत्या करून वाहत्या पाण्यात दिवसच्या दिवस भिजवून तिला खाण्यालायक करायची कला आदिवासींकडे आहे.

आता तुमचं परस

आपल्याकडे केरळच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने (स्थापना 1963) घोरकंद, कणगर आणि आफ्रिकेतल्या पांढऱ्या यामचेही वाण काढलेत. घोरकंदाचा श्री शिल्पा हा त्यांचा संकरित वाण. ज्या पिकाला फूलच क्वचित येतं त्याचा संकर करणं म्हणजे चिकाटीची कसोटी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कोकण घोरकंद, कोकण कांचन आणि कोकण कालिका हे अनुक्रमे घोरकंद, कणगर आणि करांद्याचे वाण.

पण कोकण-गोव्यातल्या परसांतले बहुतेक कंद कुठल्याच यादीत नाहीत. जांभळं कोनफळ आणि पांढरं कोनफळ, कडू करांदा आणि गोड करांदा, काट्यांची कणगर आणि बिनकाट्यांची, ही सगळी घरगुती वर्गवारी माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसं सत्तरीच्या पुढची आहेत. वेल दरवर्षी कुणीतरी लावली तरच टिकते. एक मोसम चुकला, उंदरांनी बियाणं खाल्लं, घर विकलं, की वाण गेला.

तेव्हा तुमच्या किंवा आजोळच्या परसात अशी वेल असेल, तर येत्या पावसाळ्यात चार फोटो काढा: खोडाचा जवळून, पान देठाला मिळतं तिथला, वेल आधाराला वळसा घेते तिथला, आणि थंडीत कंद कापल्या कापल्या गराचा. कडू की गोड, कधी निघतो, खाज येते का, उकडतात की भाजतात, तेही लिहा. दापोलीला पाठवलंत तर उत्तमच. नाव मात्र घरात जे म्हणतात तेच लिहा, शास्त्रीय नाव तज्ज्ञ लावतील.